नागिणीचे तोंड आणि शेपटी



आम्ही डॉक्टर नाही. परभणीच्या मोंढ्यात हमालांची संघटना बांधण्यात आमची हयात गेली. जे शिकलो ते वाचून आणि विचारून. तरी आज नागिणीवर बोलण्यास उभे आहोत, कारण या रोगाने एका सोबत्याचा रोजगार गेलेला आम्ही पाहिला आहे.

त्याच्या बरगडीवर पाण्याने भरलेले फोड उठले. लोक म्हणाले, नागीण आहे. तोंड आणि शेपटी जुळली की माणूस संपला! मंत्र झाला, काव लावून झाली. आठव्या दिवशी तो दवाखान्यात गेला. फोड वाळले, पण ठणका वर्षभर राहिला. पाठीला पोत्याचा स्पर्श सोसवेना.

नागीण म्हणजे कांजिण्यांचाच विषाणू. कांजिण्या बऱ्या होतात. विषाणू मात्र कण्याजवळ मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो. वय झाले, शक्ती खालावली, की तो एखाद्या तंतूच्या वाटेने बाहेर येतो. तो तंतू शरीराच्या एकाच बाजूचा असतो. म्हणून नागीण सहसा मध्यरेषा ओलांडीत नाही. मग तोंड आणि शेपटी जुळणार कोठे? भीती खोटी, उशीर मात्र खरा.

यावर ॲसायक्लोव्हिर हे औषध आहे. ते ज्यांच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले, त्या गर्ट्रूड एलियन यांना परिस्थितीमुळे पीएच.डी. पुरी करता आली नव्हती. १९८८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे औषध विषाणूला समूळ मारीत नाही, त्याची वाढ रोखते. म्हणून पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत ते सुरू व्हावे. मोठ्या माणसास डॉक्टर साधारणपणे ८०० मिलिग्रॅम, दिवसातून ५ वेळा, निदान ७ दिवस देतात. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नये.

औषधाने मळमळ, डोकेदुखी, जुलाब होऊ शकतात. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडते; अंगात पाणी कमी असल्यास तेथे त्याचे स्फटिक साचण्याचा धोका असतो. परभणीच्या उन्हात राबणाऱ्याने भरपूर पाणी प्यावे. मूत्रपिंडाचा विकार असेल तर आधीच सांगावे. मात्रा कमी करावी लागते. लघवी कमी झाली किंवा म्हातारे माणूस भ्रमल्यासारखे बोलू लागले, तर तत्काळ डॉक्टरांना दाखवावे. नागीण डोळ्याजवळ उठली तर क्षणही दवडू नये. दृष्टी जाऊ शकते.

हमाल दवाखाना टाळतो तो केवळ अज्ञानाने नव्हे. रोज बुडतो म्हणून. ७२ तास म्हणजे त्याचे तीन रोज. ते तीन रोज त्याला मिळावेत, एवढी व्यवस्था आपण मिळून करू या. मंत्राला उत्तर नुसत्या व्याख्यानाने मिळत नसते.