अंतराळातील पशुपालन : शक्यता आणि मर्यादा



माणसाने जेव्हा जेव्हा आपले बिऱ्हाड हलविले, तेव्हा त्याची जनावरेही त्याच्याबरोबर गेली. गाडीमागे बांधलेली गाय, गाडीत बियाण्याची पोती आणि डालग्यात कोंबड्या, असा संसार घेऊनच नवी गावे वसली. आता माणूस चंद्रावर आणि मंगळावर दीर्घकाळ वस्ती करण्याचा विचार करीत आहे. त्या वस्तीत त्याच्यासोबत कोणते जनावर जाऊ शकेल, हा प्रश्न वरवर गमतीचा वाटेल. परंतु त्या वस्तीचे स्वावलंबन काही अंशी त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात नोव्हेंबर २००० पासून माणसे अखंड राहत आली आहेत. त्यांचे जवळजवळ सर्व अन्न मालवाहू यानांतून पृथ्वीवरूनच जाते. स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर असल्यामुळे हे शक्य होते. मंगळाच्या प्रवासालाच कित्येक महिने लागतात. तेथे अन्न पिकवावे लागेल, आणि शेतीला पशुपालनाची जोड मिळाली तर प्रथिनांची सोय होईल.

गाईम्हशींचा विचार तूर्त बाजूला ठेवावा लागतो. दुभत्या गाईला लागणारे पाणी, वैरण व जागा बंदिस्त वसाहतीला परवडणारी नाही. म्हणून शास्त्रज्ञांचे लक्ष लहान जीवांकडे वळले. मात्र तेथेही एक अनपेक्षित अडचण उभी राहिली. ती होती जन्माची.

मार्च १९८९ मध्ये अमेरिकेच्या 'डिस्कव्हरी' यानातून कोंबडीची ३२ फलित अंडी पाठविण्यात आली. त्यांपैकी निम्मी उड्डाणापूर्वी दोन दिवस आणि निम्मी नऊ दिवस उबविलेली होती. नऊ दिवसांच्या अंड्यांतील गर्भ तगले. दोन दिवसांच्या एकाही अंड्यातून पिल्लू बाहेर आले नाही. पृथ्वीवर हलका बलक अंड्यात वर तरंगतो आणि त्यावरील कोवळा गर्भ कवचाजवळ राहून प्राणवायू मिळवितो. भारहीन अवस्थेत वर आणि खाली हा भेदच उरत नाही. त्यामुळे गर्भ मध्येच अडकून गुदमरला असावा, असे अनुमान करण्यात आले.

पुढील वर्षी, २२ मार्च १९९० रोजी, सोव्हिएत संघाच्या 'मीर' स्थानकात जपानी लाव्याचे पिल्लू अंड्यातून बाहेर आले. अंतराळात जन्मलेला हा पहिला पक्षी. परंतु या पिल्लांना पाय टेकायला जमीन नव्हती. ती हवेत गिरक्या घेत राहिली. अंतराळवीरांनी हातात धरले तरच त्यांना दाणे टिपता येत. ती जगली नाहीत. अंडे उबविणे साधले, तरी पिल्लू वाढविणे साधले नाही.

मासे या बाबतीत अधिक सुदैवी ठरले. पाण्यात तरंगण्याची सवय त्यांना जन्मतःच असते. जुलै १९९४ मध्ये 'कोलंबिया' यानात मेडाका जातीच्या चार जपानी माशांनी अंडी घातली आणि त्यांतून यानातच पिल्ले बाहेर आली. पृष्ठवंशी प्राण्यांचे प्रजनन अंतराळात प्रथमच यशस्वी झाले. २०२४ मध्ये चीनच्या अंतराळ स्थानकात चार झेब्रा मासे एका पाणवनस्पतीसह ठेवण्यात आले. वनस्पतीने प्राणवायू द्यावा आणि माशांच्या उत्सर्गावर वनस्पतीने वाढावे, अशी ती योजना होती. मासे कधी उलटे, कधी गोल फिरत पोहत. पण ही लहानशी जीवसृष्टी ४३ दिवस टिकली.

दुसरा उमेदवार आहे रेशीमकिडा. तो थोड्या जागेत वाढतो आणि त्याचा कोष प्रथिनांनी समृद्ध असतो. २०१६ मध्ये चीनच्या 'थ्येनकुंग-२' प्रयोगशाळेत नेलेल्या सहा अळ्यांपैकी पाचांनी कोष विणले. मात्र त्यांच्या चाऱ्यासाठी तुतीची लागवडही तेथेच करावी लागेल.

येथेच या विषयाचे मर्म आहे. जनावराआधी चारा हवा, आणि चाऱ्याआधी पाणी, प्रकाश व माती यांचे चक्र हवे. जून-जुलै २०२५ मध्ये भारताचे अंतराळवीर ग्रुप कॅप्टन शुभांशु शुक्ला यांनी आंतरराष्ट्रीय स्थानकात मूग व मेथी यांना मोड आणले आणि सूक्ष्म शैवालांवर प्रयोग केले. ते पशुपालन नव्हते; पण त्या वाटेवरील पहिली पायरी निश्चित होती.

चंद्रावर पृथ्वीच्या एक षष्ठांश आणि मंगळावर तीन अष्टमांशांच्या जवळपास गुरुत्वाकर्षण आहे. तेवढ्या ओढीवर अंड्यातील गर्भ सुखरूप वाढेल काय, पिल्लू पायांवर उभे राहील काय, हे अद्याप कोणालाही ठाऊक नाही. एखादा प्राणी अंतराळात काही काळ जिवंत ठेवणे वेगळे आणि त्याच्या पिढ्या तेथे नांदविणे वेगळे. ज्या दिवशी दुसरी पिढी स्वतःच्या पायांवर उभी राहून दाणा टिपेल, त्या दिवशी तेथे खऱ्या अर्थाने गाव वसले असे म्हणता येईल. तोपर्यंत, अंगणात खुडूक कोंबडी कोणत्याही यंत्राविना एकवीस दिवसांत जे घडवून आणते, त्यामागे पृथ्वीचा केवढा हातभार आहे, याची जाणीव या प्रयोगांनी करून दिली आहे.