परीक्षा ज्ञानाची की साधनांची ?

अंतिम वर्षाच्या परीक्षेवाचून पदवी देता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑगस्ट २०२० रोजी दिला. त्यानंतर कोरोनाच्या साथीत राज्यातील विद्यापीठांनी प्रामुख्याने बहुपर्यायी प्रश्नांच्या ऑनलाइन परीक्षा घेतल्या. घरी परीक्षा देणाऱ्यापुढे पुस्तक उघडे असते. तेव्हा व्याख्या विचारणारा प्रश्न केवळ शोधण्याचा वेग मोजतो. त्याऐवजी भूगोलाच्या विद्यार्थ्याला गावातील विहिरींच्या पाणीपातळीचे आकडे देऊन कोणते पीक घ्यावे व का, असे विचारले, तर नुसते पुस्तक पुरत नाही. मात्र मध्येच इंटरनेट खंडित झाल्यास लिहिलेले उत्तर सुरक्षित राहावे व पुन्हा संधी मिळावी. अन्यथा दुर्गम भागातील विद्यार्थ्याच्या ज्ञानाची नव्हे, साधनांचीच परीक्षा होईल.