देवाचं प्रेम म्हणजे उचल नव्हे



आजचा विषय आपल्याच एका श्रोत्याच्या मेसेजमधून आलाय. त्याने लिहिलंय, "दादा, दीड वर्ष झालं चर्चला गेलो नाही. दारूही लागली. आता प्रार्थनेला बसायची लाज वाटते. आधी सगळं सोडतो, नीट होतो, मग देवाकडे जातो. चालेल ना?"

मी तीन दिवस उत्तर दिलं नाही. कारण बरीच वर्षं माझ्याही डोक्यात देव असाच होता.

मी बीड जिल्ह्यातला. आई-वडील ऊसतोडीला जायचे. आपल्याकडच्यांना सांगायला नको, पण बाहेरचेही ऐकतात म्हणून सांगतो. हंगामाआधी मुकादम उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. मग चार-पाच महिने फडात तोडणी आणि कोपीत मुक्काम. आजारी पडलात, खाडा झाला, की पैसे कापले. शेवटी हिशोब. उचल फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. पैसे आधी हातात येतात खरे, पण ते आपले नसतात.

मला देव असाच वाटायचा. येशूने आपल्यासाठी जीव दिला, ही झाली उचल. आता आयुष्यभर फेडत बसा. रविवार चुकला की खाडा. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी माझे तीन विषय राहिले, तेव्हा पहिला विचार हाच आला, की हे कोणत्या खाड्याचे कापले?

पुढे पंडिता रमाबाईंबद्दल वाचलं आणि वाटलं, अरे, एवढ्या मोठ्या विदुषीलासुद्धा ही गाठ सुटायला वर्षं लागली!

रमाबाईंचा जन्म १८५८चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे. हे कुटुंब तीर्थक्षेत्रं फिरायचं, पुराणं सांगायचं, उपास करायचं, होतं ते दान करायचं. पुढे दुष्काळ आला, हातात काही उरलं नाही, आणि १८७४मध्ये आई-वडील दोघंही गेले. १८८३मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. तिथे लंडनमध्ये ख्रिस्ती भगिनींचं एक घर त्यांनी पाहिलं. समाजाने 'वाया गेलेल्या' म्हणून टाकलेल्या बायकांना तिथे मायेनं सांभाळत होते. रमाबाईंनी विचारलं, हे तुम्ही का करता? उत्तरात एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला चौथा अध्याय वाचून दाखवला. विहिरीवर शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो, तो. त्याच वर्षी रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

पण खरी गंमत पुढे आहे. नंतर स्वतःची साक्ष लिहिताना त्यांनी कबूल केलं, की मला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता. नियम पाळत होत्या, मनाला शांती नव्हती. काही वर्षांनी त्यांना उमगलं, की क्षमा कमवायची नसते, ती आधीच दिलेली आहे. आपण फक्त घ्यायची.

मग तुम्ही म्हणाल, फेडायचंच नाही तर माणूस आळशी होईल, काहीही करेल. रमाबाईंचं बघा. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये दुष्काळातल्या शेकडो मुली आणि विधवा त्यांनी सांभाळल्या. टाकलेल्या बायकांसाठी जे घर काढलं, त्याचं नाव ठेवलं कृपासदन. हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल मराठीत आणलं. उचल फेडणारा माणूस हिशोबापुरतं तोडतो. ज्याला फुकट मिळालंय, तो मोजत बसत नाही.

आता अवघड प्रश्न. अट नाही, तर बायबल पश्चात्ताप करा, विश्वास ठेवा असं का सांगतं? न्यायाची गोष्ट का करतं? यावर मंडळ्यांमध्येही शतकानुशतकं वाद झालेत. मला स्वतःला लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्राचा दाखला मदत करतो. पोरगा सगळं उडवून परत निघतो. वाटेत वाक्य पाठ करतो, की बाबा, मला मुलगा म्हणू नका, मजूर म्हणून ठेवा. म्हणजे काय? उचलच मागतोय तो! पण बाप लांबूनच बघतो, धावत येतो, आणि ते मजुराचं वाक्य तोंडातून निघायच्या आत घरात जेवणाची तयारी सुरू होते.

थोरला भाऊ मात्र दाराबाहेर रुसून उभा राहतो. त्याच्याकडे इतक्या वर्षांच्या कामाचा हिशोब आहे. बाप त्यालाही बोलवायला बाहेर येतो. तो आत गेला का? येशू सांगतच नाही. गोष्ट तिथेच थांबते.

मला यातून एवढं कळलं, की बापाच्या प्रेमाला अट नाही. पण घरात पाऊल आपल्यालाच टाकावं लागतं. पश्चात्ताप म्हणजे त्या प्रेमाची किंमत नाही, तो घराकडे वळणं आहे.

माझे विषय राहिले तेव्हा वडिलांना फोन करायला मी आठवडा लावला. हात थरथरत होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आधी घरी ये. विषयाचं मागून बघू." विषय मलाच काढावे लागले, ते काही माफ झाले नाहीत. पण मी ते घरातला पोरगा म्हणून काढले.

तर मित्रा, तुला उत्तर हेच. दारू सोडायची आहेच, त्यासाठी डॉक्टरची, घरच्यांची मदत घे. पण नीट होऊन मग येतो, असं नको. तू आधी घरी ये.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.