मस्टर म्हणजे काय, साहेब?



तुम्ही प्रशिक्षकांनी मला अध्यक्ष केलेत, तर लगेच मुद्द्यावर येतो. समुद्रावर जाणाऱ्या कामगारांना सुरक्षा शिकवण्याच्या आपल्या धंद्यात प्रास्ताविक लांबले की समोरची माणसे झोपतात, आणि त्या झोपलेल्या माणसांच्या हातात आपण संध्याकाळी प्रमाणपत्र ठेवतो.

पंधराएक वर्षांपूर्वीची गोष्ट. समुद्रातल्या एका प्लॅटफॉर्मवर सराव होता. भोंगा वाजला, माणसे नेमलेल्या जागी जमली, मोजणी झाली, एक माणूस कमी भरला. उरणकडचा फिटर, पहिल्याच फेरीला आलेला. तो सापडला कंत्राटदाराच्या सुपरवायझरच्या केबिनबाहेर. हेल्मेट डोक्यावर, लाइफ जॅकेटचे बंद आवळलेले, अगदी शिस्तीत उभा. 'इथं काय करतोयस?' म्हणून विचारले, तर म्हणाला, 'साहेब, भोंगा झाला की मस्टरला जायचं, असंच सांगितलं होतं ना? मस्टर हितंच असतं.'

त्याचे काही चुकले नव्हते. आपल्याकडच्या कामगाराच्या लेखी मस्टर म्हणजे हजेरीपट. गिरणीत मस्टर, नगरपालिकेत मस्टर, रोजगार हमीच्या खडीवर मस्टर. त्यावर नाव लागले नाही तर दिवसाची मजुरी जाते. आग लागल्यावर साहेबलोक आधी हजेरी घेतात हे त्याला जरा चमत्कारिक वाटले असेल, पण साहेबलोकांच्या याहून चमत्कारिक गोष्टी त्याने पाहिल्या असतील. त्याच्याकडे तीन दिवसांच्या कोर्सचे प्रमाणपत्र होते. 'अलार्म वाजल्यावर कुठे जाल?' या प्रश्नाखाली चार पर्याय होते आणि त्याने बरोबर 'मस्टर स्टेशन'वर, म्हणजे धोक्याच्या वेळी जमण्याच्या जागेवर, खूण केली होती. पेपर मी तपासला होता. कोर्सही मीच घेतला होता.

त्या दिवसापासून मी आपल्या शब्दांकडे संशयाने पाहतो. रिगवर पहिल्यांदा जाणाऱ्या माणसाला आपण काय काय ऐकवतो? मंकी बोर्ड, डॉगहाउस, रॅटहोल, माउसहोल, कॅटहेड. पाइपलाइनमध्ये पिग सोडतात. विहिरीच्या तोंडाशी ख्रिसमस ट्री असते. निम्मी राणीची बाग, निम्मा नाताळ. यांतले बरेचसे शब्द परदेशी कामगारांच्या थट्टेतून आलेले. त्यांना ते ऐकताच वस्तू दिसत होती. आपण त्यांची थट्टा जशीच्या तशी उचलली आणि तिला परिभाषा म्हणू लागलो. हे शब्द टाकून द्या असे मी म्हणत नाही. रिगवर तेच चालतात, नवा माणूस ते ओळखू शकला पाहिजे. पण 'परमिट', म्हणजे कामाचा परवाना, म्हटल्यावर महाराष्ट्रातल्या वर्गात हसू फुटते, कारण परमिट रूम प्रत्येकाला ठाऊक असते. ते हसू दाबू नका. तिथेच थांबा आणि सांगा की हा कागद वेगळा आहे, या कागदापायी माणसे मेली आहेत. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

आपल्या या छोट्या कोर्सचा विषय कोणता? अभ्यासक्रम उघडला तर पहिल्या पानावर पेट्रोलियमची निर्मिती, दुसऱ्यावर 1974 मध्ये मुंबई हाय कसे सापडले, मग 'सागर सम्राट' या रिगचे छायाचित्र. मला या इतिहासाचा अभिमान आहे. पण वेल्डिंगला निघालेल्या पोराला त्याची गरज चौथ्या दिवशी असेल, पहिल्या दिवशी नाही.

27 जुलै 2005 हा दिवस घ्या. आदल्या दिवशीच्या पावसाने मुंबई बुडालेली. समुद्रात 'समुद्र सुरक्षा' या जहाजावर एका स्वयंपाक्याची बोटे कापली गेली होती. हवा खराब, हेलिकॉप्टर येऊ शकत नव्हते, म्हणून जखमीला मुंबई हाय नॉर्थ प्लॅटफॉर्मवर चढवायचे ठरले. जहाज जवळ आले आणि रायझरवर आदळले. म्हणजे समुद्रतळाकडून वर येणाऱ्या वायूच्या नळावर. वायू सुटला, पेटला, आणि साधारण दोन तासांत प्लॅटफॉर्म समुद्रात गेला. प्लॅटफॉर्म, त्याला लागून असलेली रिग आणि जहाज मिळून त्या वेळी 384 माणसे तिथे होती. 22 गेली, 362 वाचली. जहाजावर सहा पाणबुडे दाबाच्या बंद टाकीत होते; दाब उतरवल्याशिवाय त्यांना बाहेर काढणे म्हणजे मारणेच. जहाज सोडून बाकीचे गेले, हे सहा आत राहिले आणि सुमारे 36 तासांनी त्यांची सुटका झाली.

मी प्रत्येक वर्गात फळ्यावर 384 हा आकडा लिहितो आणि विचारतो, यांतल्या किती जणांच्या हातात ती टक्कर टाळणे होते? फार तर दोघा-चौघांच्या. उरलेले जेवत होते, झोपले होते, नट आवळत होते. त्यांना फक्त तिथून निघायचे होते. आपल्या छोट्या कोर्सचा विषय हाच आहे: निघणे. विहीर काबूत ठेवणाऱ्यांसाठी वेगळे आणि मोठे अभ्यासक्रम आहेत. आपल्या वाट्याला तीन दिवस आहेत. स्कॉटलंडमधल्या ओपिटो या संस्थेने ठरवलेला, आपण 'बोझिएट' म्हणतो तो कोर्सही तीनच दिवसांचा आहे, आणि त्याची मुदत चार वर्षे. तीन दिवसांत माणसाच्या डोक्यात जे घालाल ते चार वर्षांत निघून जाईल. अंगात जे घालाल ते थोडे तरी उरेल.

अंगात घालणे म्हणजे काय, ते तलावात समजते. हेलिकॉप्टरचा पिंजरा पाण्यात उलटा करतात तेव्हा मी काठावर उभा असतो. मला वाटायचे, कोळीवाड्यातली पोरे हे हसत हसत करतील. एक जण होता, मासा म्हणावा असा. पिंजरा उलटला आणि त्याने पहिल्यांदा काय केले तर पट्टा सोडला. झाले! अंग वर तरंगले, वर होते ते तळाचे पत्रे, आणि खिडकी कुठल्या बाजूला हेच त्याला कळेना. सुरक्षा-पाणबुड्याने त्याला ओढून काढले. पोहणाऱ्याचा हात आधी मोकळा व्हायला बघतो, आणि इथे तर बांधलेले राहणेच कामाचे असते. एक हात खिडकीच्या चौकटीवर, हालचाल थांबेपर्यंत दम धरायचा, खिडकी ढकलायची, आणि सगळ्यात शेवटी पट्टा. पाच-सहा वेळा केले की हाताला कळते. स्लाइडवर शंभर वेळा पाहून कळत नाही. 28 जून 2022 ला 'सागर किरण' रिगजवळ हेलिकॉप्टर पाण्यात उतरले तेव्हा त्यात नऊ जण होते. पाच वाचले, चार गेले. हे मी वर्गात तलावाकडे जाताना सांगतो, आधी नाही. आधी सांगितले की दोघा-तिघांचे पोट दुखू लागते.

दुसरी गोष्ट नाकाची. समुद्रातल्या ज्या वायुक्षेत्राला आपण वसईचे जुने नाव, बसीन, देऊन ठेवले आहे, तिथल्या वायूत हायड्रोजन सल्फाइड असतो. हजीऱ्याला तो वेगळा काढावा लागतो. 'सडक्या अंड्याचा वास' एवढे प्रत्येकाला पाठ असते, आणि घात त्यातच आहे. प्रमाण वाढून दहा लाखांत शंभर भागांच्या आसपास गेले की नाकच बधिर होते. वास थांबला, म्हणजे वायू गेला असे माणूस समजतो, आणि नेमका तेव्हा तो वाढलेला असतो. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. एक जण खड्ड्यात कोसळतो, दुसरा त्याला उचलायला वाकतो, मग तिसरा. सेप्टिक टँकच्या बातम्या आपण दर काही महिन्यांनी वाचतो, त्या याच. मी आता पोरांना गावातल्या टाकीपासूनच सुरुवात करून देतो. वर्गात एखादा तरी असा निघतो ज्याच्या आळीत हे घडलेले असते. तो बोलू लागला की मी खाली बसतो. वाऱ्याची पताका कुठे आहे ते बघ, वाऱ्याला तोंड करून आणि उंचावर जा, श्वासाचे यंत्र लावल्याशिवाय मित्राला उचलायला वाकू नकोस. यातले शेवटचे वाक्य माणसाच्या स्वभावाविरुद्ध आहे आणि आपण ते सर्वांत घाईने उरकतो.

आता अवघड भागाकडे. त्या उरणच्या फिटरला मी दुसऱ्या दिवशी हाताला धरून खऱ्या जागेवर नेले. 'भोंगा झाला की इथं उभं राहायचं.' त्याने आजूबाजूला पाहिले आणि विचारले, 'किती वेळ?' मी म्हणालो, सांगेपर्यंत. तो म्हणाला, 'आणि सांगणारा आलाच नाही तर?'

6 जुलै 1988 च्या रात्री उत्तर समुद्रात पायपर अल्फा या प्लॅटफॉर्मवर हेच घडले. दिवसपाळीत एका पंपाचा सुरक्षा-व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता. त्याचा परमिट रात्रपाळीपर्यंत पोचला नाही. त्यांनी तो पंप चालू केला. तोच हा कागद. स्फोट झाल्यावर बरीच माणसे शिकवल्याप्रमाणे राहण्याच्या इमारतीत जमली आणि हेलिकॉप्टरची वाट पाहत राहिली. धुरात हेलिकॉप्टर उतरणे शक्यच नव्हते. प्लॅटफॉर्म सोडा, असा हुकूम कुणी दिला नाही. एकूण 167 गेले, त्यांतले बहुतेक धुराने. वाचले 61; त्यांतले कितीतरी असे, ज्यांनी थांबणे नाकारले, दोर धरून खाली उतरले, उड्या मारल्या. लॉर्ड कलन यांच्या आयोगाने 1990 मध्ये 106 शिफारशी केल्या. नव्या माणसांना दिली जाणारी तिथली तोंडओळख उरकल्यासारखी होती, हेही त्या चौकशीत आले.

मग आपण शिकवायचे काय, आज्ञा पाळायला की मोडायला? तुमच्यातले काही जण म्हणतील, तीन दिवसांच्या पोराला असले प्रश्न दाखवूच नयेत, गोंधळ होईल. मी बरीच वर्षे तेच म्हणत होतो. आता म्हणत नाही. मस्टरला जा, नाव लागू दे, कारण तू दिसला नाहीस तर तुला शोधायला दुसरा आगीत शिरेल. पण जाताना बाहेर पडण्याच्या दोन वाटा डोळ्यांनी बघून ठेव, आणि धूर तुझ्याकडे येऊ लागला तर विचार, मोठ्याने विचार. हे पाच मिनिटांत सांगता येते. मात्र सांगणाऱ्याला आधी ते मान्य असावे लागते. पहिल्या फेरीच्या कंत्राटी पोराने सुपरवायझरला मोठ्याने विचारलेले आपल्यापैकी किती जणांना खपते? वर्गात 'काम थांबवण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे' ही स्लाइड दाखवायची, आणि प्रश्न विचारला की 'वेळ नाही' म्हणायचे. पोरगा स्लाइड विसरतो, ते 'वेळ नाही' विसरत नाही.

प्रमाणपत्राच्या बाजाराबद्दल फार बोलत नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. आयटीआय झालेला रत्नागिरीचा मुलगा आखातात जायचे म्हणून आईचे दागिने गहाण ठेवून हा कोर्स करतो. त्याला हवा असतो तो कागद, आणि कागद देणारे भेटतातही. एकाच क्रमांकाची दोन प्रमाणपत्रे मी स्वतः हातात धरली आहेत. त्या मुलांवर मला राग येत नाही.

राग येतो तो मे 2021 आठवला की. तौक्ते वादळात पी-305 बार्ज बुडाला, त्यावर 261 माणसे होती. बरेचसे वेल्डर, फिटर, रिगर. नौदलाने आणि तटरक्षक दलाने 186 जणांना काढले. वाचलेल्यांनी सांगितले की लाइफ जॅकेट घालून, एकमेकांचे हात धरून, साखळी करून ते रात्रभर त्या लाटांत राहिले. हात धरून राहणे हे आपल्या अभ्यासक्रमात आहे, पाण्यातल्या तासाचा शेवटचा भाग. वेळ कमी पडला की आपण पहिल्यांदा गाळतो तो हाच.

तर आजच्या दुपारच्या सत्रात थोडा बदल केला आहे, तो सांगून थांबतो. मागच्या रांगेत आठ कामगार बसले आहेत, पुढच्या आठवड्यात त्यांची पहिली फेरी आहे. तुमच्यापैकी आठ जणांनी त्यांना प्रत्येकी एक गोष्ट शिकवायची आहे. वेळ पाच मिनिटे. प्रोजेक्टरची वायर काढून मी माझ्या पिशवीत ठेवली आहे, शोधू नका. गुण ते आठ जण देतील. एकाने मला सकाळीच विचारले, नापास केले तर चालेल का? मी हो म्हटले आहे. चिठ्ठीत पहिले नाव माझेच निघाले, आणि विषय आला आहे मस्टर.