मास्तर सभागृहात गेले, तर बिघडलं काय?



सकाळच्या परिसंवादात एका वक्त्यांनी ग. प्र. प्रधानांना ‘राजकारणात वाट चुकलेला सज्जन’ म्हटलं आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. माझं भांडण वक्त्यांशी नाही, त्या टाळ्यांशी आहे.

फर्ग्युसन महाविद्यालयात वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवून प्रधान मास्तर 1966 साली पुण्याच्या पदवीधर मतदारसंघातून विधान परिषदेत गेले. तिथं अठरा वर्षं राहिले, 1980 ते 1982 या काळात विरोधी पक्षनेते होते. बेचाळीसच्या चळवळीत त्यांनी तुरुंग भोगला होताच. आणीबाणीत, आमदार असताना, पुन्हा येरवडा. वाट चुकलेला माणूस दोन वेगवेगळ्या राजवटींत एकाच कारणासाठी गजाआड जातो होय? त्यांना सज्जन म्हणून हार घातला की त्यांच्या समाजवादाबद्दल बोलायला नको, सरकारला अडचणीत आणणाऱ्या त्यांच्या भूमिकांबद्दल बोलायला नको. आपली सोय होते, एवढंच.

आणि साहित्याचं म्हणे नुकसान झालं! ‘साता उत्तराची कहाणी’ उघडून बघा. वेगवेगळ्या विचारसरणींची माणसं तिथं आपापली बाजू मांडतात, आणि ज्यांची मतं लेखकाला मान्य नाहीत त्यांनाही तो पुरतं बोलू देतो. ही शिस्त वर्गात लागते. पण तिची परीक्षा होते ती पक्षात, मोर्चात, सभागृहात. नुसत्या वाचनालयात बसून ते पुस्तक झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. पुढं ‘साधना’ साप्ताहिकाचं संपादनही त्यांनीच केलं. कुठला लेखक हरवला मग?

आचार्य अत्रे मुळात शाळामास्तर. 1942 साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, 1957 साली दादरमधून आमदार. त्यांच्यावरचे किस्से आपण मिटक्या मारत सांगतो, तेव्हा साहित्याचं सोवळं बरं आठवत नाही! प्राध्यापक एन. डी. पाटील आमदार झाले, पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाच्या सरकारात सहकारमंत्री झाले आणि उतारवयात कोल्हापूरच्या टोलविरोधात रस्त्यावर उभे राहिले.

मास्तरांना सभागृहाचं दार तर घटनेनंच उघडून दिलं. तिच्या 171 व्या कलमानं शिक्षक आणि पदवीधर यांना विधान परिषदेत वेगळ्या जागा दिल्या. आपल्याकडं 78 पैकी 7 शिक्षकांच्या, 7 पदवीधरांच्या. पण शिक्षक मतदारसंघाचा उमेदवार शिक्षकच हवा, अशी अट कुठंही नाही. पदवीधर मतदारसंघाच्या उमेदवाराला पदवी लागत नाही, हे तर सर्वोच्च न्यायालयानं 1972 मध्येच स्पष्ट केलं. शिवाय मत आहे माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना. पोराला अक्षर गिरवायला शिकवणारी प्राथमिक शाळेतली बाई या यादीत नाही. तिच्यासाठी आपण कधी ठराव केला?

मग त्या मोकळ्या दारातून कोण आत शिरतं? कुठं संस्थाचालक उभा राहतो, कुठं त्याचा माणूस. मतदार त्याच्याच शाळेत नोकरीला. अनुदानाचा टप्पा, वैयक्तिक मान्यता, पगारपत्रक, सगळ्याच्या किल्ल्या त्याच्या कमरेला. अशा शिक्षकाला ‘निर्भयपणे मतदान करा’ सांगणं ही थट्टा आहे. निवडणूक आली की पैठण्या वाटल्याच्या बातम्या छापून येतात आणि आपण चहा पिता पिता म्हणतो, शिक्षकसुद्धा विकला गेला. तो अडकला कसा, त्याला अडकवलं कोणी, हे विचारायला आपली जीभ रेटत नाही. कारण त्यांतले काही संस्थाचालक आपल्या संमेलनांना देणगी देतात. आज इथंही दिली आहे. मांडव त्यांचा आहे, भाषण माझं आहे.

संध्याकाळच्या ठरावांत ‘राजकारणात सुसंस्कृत माणसं यावीत’ असा एक ठराव आहे. तो मी वाचला. गुळगुळीत आहे. मला विचाराल तर त्यात दोन मागण्या घाला: प्राथमिक शिक्षकांना मत द्या आणि शिक्षक मतदारसंघात उमेदवाराला अध्यापनाच्या अनुभवाची अट घाला. त्यासाठी कायदा, गरज पडली तर घटनाही बदलावी लागेल. म्हणजे संसदेपर्यंत भांडावं लागेल.

आणखी एक. पदवीधरांची यादी दर निवडणुकीला नव्यानं होते. त्यासाठी नावनोंदणीचा अठरा नंबरचा अर्ज आपण होऊन भरावा लागतो. या मांडवात पदवीधर शेकड्यांनी बसले आहेत. मागच्या वेळी ज्यांनी तो भरला नाही, त्यांनी संध्याकाळी ठरावाच्या बाजूनं हात वर करू नये. केला, तर अध्यक्ष म्हणून तो हात मी मोजणार नाही.