गणितात बेताचे, तरी प्रोग्रामर



आत्ता बक्षीस समारंभात गणितात पहिल्या आलेल्या मुलीला सगळ्यात जास्त टाळ्या पडल्या. पडायलाच पाहिजेत. पण मागच्या रांगेतले काही जण टाळ्या वाजवता वाजवता एकमेकांकडे बघून हसत होते. माझं बोलणं मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. दहावीला बीजगणित आणि भूमिती मिळून पन्नाशी गाठताना माझ्या नाकी नऊ आले होते, आणि आज माझं घर प्रोग्रामिंगवर चालतं.

ज्याचं गणित कच्चं, त्यानं कॉम्प्युटरच्या नादी लागू नये, असं आपल्याकडे घरोघरी सांगतात. सांगणाऱ्याच्या मनात काळजीच असते. फक्त बहुतेक वेळा त्यानं स्वतः कधी प्रोग्राम लिहिलेला नसतो.

दाखला तुमच्याच गावचा घेऊ. पाथरी म्हणजे जुनं पार्थपूर, असं अभ्यासक मानतात. तिथल्या ज्ञानराजानं १५०३ च्या सुमारास 'सिद्धांतसुंदर' हा ज्योतिषग्रंथ लिहिला. त्याचा मुलगा सूर्यदास. त्यानं भास्कराचार्यांच्या 'लीलावती'वर भाष्य लिहिलं आणि 'रामकृष्णविलोमकाव्य'ही रचलं. यातल्या श्लोकाची पहिली ओळ सरळ वाचली की रामाची कथा, तीच शेवटाकडून उलटी वाचली की कृष्णाची! (सूर्यदास गणितातही पक्का होता, हे मान्य. तेवढ्यापुरता तो माझ्या बाजूचा साक्षीदार नाही.)

शब्द उलटा करणं हा प्रोग्रामिंगमधला अगदी सुरुवातीचा धडा. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत एका ओळीचं काम. आता सांगा, 'राम' उलटा केला तर काय यायला पाहिजे? वाल्या कोळ्याची गोष्ट ऐकलेलं कुणीही सांगेल, 'मरा'. कॉम्प्युटर मात्र उत्तर देतो, 'मार'!

कारण आपल्याला 'रा' हे एक अक्षर दिसतं, पण युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरं साठवायच्या पद्धतीत, र वेगळा साठवलेला असतो, काना वेगळा आणि म वेगळा. क्रम उलटला की आधी म, मग काना, मग र. काना आपल्या र ला सोडून म ला जाऊन चिकटतो. 'पाथरी' उलटवली तर वेलांटी सुरुवातीलाच अधांतरी लोंबते. हे दुरुस्त करायला पायथागोरस लागत नाही. काना, मात्रा, वेलांटी ज्या व्यंजनाची, त्याच्याबरोबरच हलली पाहिजे, हा नियम यंत्राला कळेल इतका स्पष्ट लिहावा लागतो. मग 'कृष्ण' येतो, त्यातला 'ष्ण' फुटतो, की जोडाक्षराचा आणखी एक नियम. हे सगळं मराठीच्या तासाला शिकवलेलं असतं.

रोजचं कामही बरंचसं असंच. मानवतच्या बाजारात कापूस घातल्यावर हातात पडते तशी हिशोबपट्टी कॉम्प्युटरवर करायची समजा. वजन गुणिले भाव, त्यातून कपात वजा, पाचवी-सहावीचं गणित. घाम फुटतो तो दुसऱ्याच प्रश्नांनी. कुणी क्विंटलच्या जागी किलो टाकले तर? भाव लिहायचाच राहिला तर? पट्टी छापून झाल्यावर चूक सापडली तर? असे प्रश्न आधी सुचणं आणि त्यांचा क्रम नीट लावणं, हेच प्रोग्रामरचं काम. लग्नघरी वाढप्यांची फळी सांभाळणाऱ्या मावशीला ते आपल्या अभियंत्यांपेक्षा बरं जमेल, असं मला कधी कधी वाटतं.

२०२० साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी पायथन शिकणाऱ्या ३६ जणांचा अभ्यास केला. किती भरभर शिकता येतं याचा संबंध आकडेमोडीपेक्षा नवी भाषा शिकण्याच्या क्षमतेशी जास्त निघाला. छत्तीस जणांवरून जगाचा नियम ठरत नाही, पण घरोघरच्या त्या सल्ल्याला निदान प्रश्न तरी विचारता येतो.

आता मागच्या रांगेनं लगेच पुस्तकं बांधून ठेवू नयेत. गेम बनवायचा तर त्रिकोणमिती लागते. सध्या ज्याचा गाजावाजा आहे त्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मुळाशी संभाव्यता आणि सारणी (मॅट्रिक्स) आहेत. मलाही नोकरी लागल्यावर जुनी पुस्तकं काढून बसावं लागलं. फरक एवढाच, की तेव्हा समोर काम अडलेलं होतं, त्यामुळे ते डोक्यात शिरलं. शाळेत नुसती भीती होती.

पालकांना एकच विनंती. पोराच्या गणिताच्या मार्कांवरून त्याचा कॉम्प्युटर बंद करू नका. तो त्यावर नुसते व्हिडिओ बघत असेल, तर तो वेगळा विषय. तेव्हा खुशाल बंद करा.

मुख्याध्यापक सरांनी उद्या सकाळी संगणक कक्ष उघडा ठेवायचं कबूल केलंय आणि मीही मुक्कामाला आहे. ज्यांना यायचंय त्यांनी आपलं नाव कागदावर उलटं लिहून आणा, मग तेच यंत्राकडून काढून घेऊ. मार्क कुणी विचारणार नाही. 'ज्ञानेश्वरी' नावाची कुणी असेल तर तिनं मात्र जरा लवकर यावं, तिला वेळ लागणार आहे.