अल्पारंभ आणि आत्मोन्नती : दासगणू महाराजांचे उदाहरण

आध्यात्मिक उन्नती म्हणजे वृत्तीचा पालट, आणि हा पालट बहुधा मोठ्या संकल्पाने सुरू होत नाही; माणसाच्या अंगी आधीपासून असलेला एखादा गुण वेगळ्या दिशेला वळतो आणि त्या वळणापासून पुढची वाटचाल घडत जाते. मराठवाड्यात या विचाराची साक्ष पाहायची झाल्यास नांदेड जिल्ह्याच्या उमरी तालुक्यातील गोरटे या गावाचे नाव घ्यावे लागते, कारण संतकवी दासगणू महाराजांची परंपरा येथे आजही जपली जाते.

दासगणूंचे मूळ नाव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. नगर जिल्ह्यातील अकोळनेर येथे १८६८ मध्ये जन्मलेल्या या गृहस्थाचे शालेय शिक्षण बेताचेच होते, पोटासाठी त्याने पोलीस खात्यात शिपायाची नोकरी धरली होती आणि फौजदार व्हावे ही त्याच्या मनाची मोठी हौस होती. अंगी शीघ्रकवित्व होते, परंतु ते खर्ची पडत होते लावण्या रचण्यात. साईभक्त नानासाहेब चांदोरकर यांच्याबरोबर शिर्डीस जाणे घडले आणि साईबाबांचा सहवास लाभला, तरीही पालट एका रात्रीत झाला नाही. नोकरी सोडण्याचा निश्चय वारंवार लांबणीवर पडत राहिला. अखेर नोकरी सुटली, पण कवित्व सुटले नाही, आणि लावणीसाठी राबणारी तीच प्रतिभा ओवीकडे, म्हणजे संतचरित्रांना सोयीच्या अशा सैल आणि कथनानुकूल छंदाकडे वळली. ‘भक्तलीलामृत’, ‘संतकथामृत’ असे ग्रंथ त्यातून सिद्ध झाले, आणि विदर्भ-मराठवाड्यात ज्याची घरोघर पारायणे होतात तो एकवीस अध्यायांचा ‘श्रीगजानन विजय’ त्यांनी १९३९ मध्ये, वयाच्या सत्तरीनंतर, शेगाव येथे पूर्ण केला.

या वाटचालीतील शिक्षण कसे झाले, हे गोविंद रघुनाथ दाभोलकर तथा हेमाडपंत यांच्या ‘श्रीसाईसच्चरित’ या ओवीबद्ध ग्रंथातून कळते. अंगरखा, उपरणे, फेटा असा थाट करून कीर्तनास निघालेल्या दासगणूंना बाबांनी ‘नवरदेव’ म्हणून हटकले आणि तो सारा पेहराव उतरवायला लावला. तेव्हापासून उघड्या अंगाने, गळ्यात हार आणि हाती चिपळ्या घेऊन कीर्तन करणे हा त्यांचा नेम झाला. ईशावास्य या अवघ्या अठरा मंत्रांच्या उपनिषदावर मराठीत टीका लिहिताना त्यांना अर्थाचे कोडे पडले, तेव्हा पार्ल्यास साईभक्त काकासाहेब दीक्षितांच्या घरची मोलकरीण ते उलगडील असे बाबांनी सांगितले. तेथे फाटके नेसून भांडी घासणारी एक लहान मुलगी नारिंगी साडीचे गाणे तल्लीन होऊन गात होती. तिला नवी साडी मिळाली, ती नेसून ती एक दिवस आनंदाने बागडली. दुसऱ्या दिवशी साडी घरी ठेवून जुनेच फडके नेसून आली, तरी गाण्यातला आनंद तोच राहिला. सुख वस्तूत नसून वृत्तीत असते आणि त्यागातूनही भोग घेता येतो, हा त्या उपनिषदाचा आशय पंडितांच्या चर्चेने नव्हे, तर त्या मुलीच्या वागण्याने उकलला.

याच ग्रंथातील दुसरा प्रसंग नांदेडचा आहे. तेथील पारशी व्यापारी रतनजी दासगणूंच्या सांगण्यावरून प्रथमच शिर्डीस गेले असता, पाच रुपये दक्षिणेपैकी तीन रुपये चौदा आणे आपल्याला आधीच पोचले आहेत, असे बाबा म्हणाले. परतल्यावर दासगणूंनी हिशेब काढविला, तेव्हा नांदेडातच हमाली करून राहणाऱ्या मौलीसाहेब नावाच्या मुसलमान संताच्या पाहुणचारास नेमका तेवढाच खर्च आल्याचे आढळले. कथेतील चमत्काराचा भाग श्रद्धेचा विषय आहे, आणि तो बाजूला ठेवला तरी तिचा नैतिक आशय स्पष्ट उरतो : गावातील एका हमालाला आदराने खाऊपिऊ घालणे, ही कृती धर्म आणि जात न विचारता थेट उपासनेच्या खात्यावर जमा होते.

या उदाहरणांवरून अल्पारंभाचे दोन अर्थ हाती लागतात. पहिला असा, की उन्नतीसाठी नवे सामर्थ्य बाहेरून आणावे लागत नाही. नांदेड-लातूरच्या कोणत्याही खेड्यातील शिक्षक, कारकून वा शेतमजूर यांच्यापाशी असलेले गुण त्यासाठी पुरे असतात, मात्र ते वळविण्यास वर्षे लागतात आणि निश्चय मोडला तरी तो पुन्हा करावा लागतो. दुसरा अर्थ अधिक कठीण आहे. माणूस लहानापासून मोठा झाला म्हणजे लहानांशी त्याचा संबंध संपतो असे नव्हे. उलट, कीर्ती आणि विद्वत्ता मिळाल्यावरही मोलकरणीपासून शिकण्याची आणि हमालापुढे नम्र होण्याची तयारी टिकली, तरच ती वाढ आध्यात्मिक म्हणता येते. ती तयारी सरली, तर उरते ती केवळ बढती, आणि फौजदारकीची हौस सुटलेल्या दासगणूंनी १९६२ मध्ये पंढरपुरी देह ठेवीपर्यंत जे साधले, ते अशा बढतीहून वेगळे होते.